बारडी, बालदी की बादली? घरातल्या भांड्याच्या नावाचं मूळ कसं शोधायचं

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात जुन्या बायका बादलीला बारडी म्हणतात. "आरं ती बारडी आण की, म्हस पान्हावलीया" हे मी लहानपणी रोज सकाळी ऐकायचो. चौथीत असताना निबंधात मी बारडी लिहिलं तर गुरुजींनी लाल पेनानं गोल केला, वर बादली लिहिलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की असले अडाणी शब्द वहीत आणायचे नाहीत. मला ते फार लागलं, कारण तो माझ्या आज्जीचा शब्द होता. पुढं शब्दांची मुळं शोधायचा नाद लागला तेव्हा पहिला हाच शब्द धरला, आणि निघालं असं की मूळ शब्दातल्या अक्षरांचा क्रम आज्जीच्या बारडीनं जपलाय आणि उलटापालट झालीय ती पुस्तकातल्या बादलीत.

ते कसं निघालं ते सगळं सांगतो, म्हणजे तुम्हालाही तुमच्या घरातल्या कुठल्याही भांड्याच्या नावावर हे करून बघता येईल. लागतं काय तर एक वही, मोबाईलवर नेट, आणि घरात नाहीतर शेजारी सत्तरीच्या पुढचं एखादं माणूस.

पहिली गोष्ट, कोश लगेच उघडायचा नाही. आधी घरातलं बोलणं गोळा करायचं. आणि ते गोळा करताना "आज्जी, याला काय म्हणतात?" असं विचारायचं नाही, ही चूक मी दोन वर्षं केली. शिकलेलं पोरगं वही घेऊन समोर बसलं की म्हातारं माणूस चांगला शब्द हुडकून देतं, आज्जी सुद्धा मला "बादलीच की रं" म्हणायची आणि मी वही मिटली की पाच मिनिटांत सुनेला "बारडी कुठं ठेवलीस?" म्हणून हाक मारायची. म्हणून विचारायचं नाही, कामात बसायचं. गोठ्यात जायचं, चुलीपुढं बसायचं, आणि विचारायचंच असेल तर कामाचं विचारायचं, धार कशात काढायची, पाणी कशात तापवायचं, कोंडा कशात भिजवायचा. मग खरे शब्द आपोआप येतात.

एक सकाळ मी चुलत आज्जीच्या गोठ्यात अशी काढली. तिथं एक पत्र्याची बादली होती, बुडाला कडं, उचलायच्या कडीवर मधोमध जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली, हात कापू नये म्हणून. कास धुवायचं पाणी त्यात होतं आणि ती झाली बारडी. धार काढायला घेतली ती कासंडी. आणि न्हाणीत जी निळी प्लॅस्टिकची होती तिला आज्जी म्हणाली बकेट. एकाच बाईच्या तोंडी, एकाच तासात. म्हणजे तिच्या बोलण्यात बारडी आणि बकेट हे एकाच वस्तूचे दोन शब्द नाहीतच, पत्र्याची ती बारडी आणि प्लॅस्टिकची ती बकेट, वस्तू ज्या काळात घरात आली त्या काळाचं नाव घेऊन आली. हे नुसता कोश बघून कधीच कळलं नसतं. त्यामुळं वहीत शब्दाबरोबर भांडं कशाचं आहे, केवढं आहे, कोणत्या कामाचं आहे आणि शब्द ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य लिहा. बोलणाऱ्याचं वय लिहा, गाव लिहा, आणि बाई असेल तर माहेर कुठलं ते लिहायला अजिबात विसरू नका. बायका सासरी येताना शब्द घेऊन येतात. माझी एक चुलती चिपळूणकडची, कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे आमच्यात आली, आज पस्तीस वर्षं झाली तरी ती बालदीच म्हणते. माहेर लिहिलं नसतं तर मी बालदी हा वाळव्याचा शब्द म्हणून टाकून दिला असता.

आता वहीत तीन रूपं झाली, बारडी, बालदी, बादली. दुसरं काम म्हणजे शेजारच्या भाषांत जायचं. ओळखीपाळखीच्या लोकांना विचारा, नेटवरच्या विक्शनरीत बघा. कोकणीत बालदी. गुजरातीत बालदी. हिंदीत बाल्टी, बंगालीत बालती. श्रीलंकेत सिंहली माणूस बाल्दिय म्हणतो आणि पार मलेशियात मलय भाषेत बाल्दी. हे सगळे शब्द एकाखाली एक लिहा आणि फक्त अक्षरांच्या क्रमाकडं बघा. सगळ्यांत ल आधी आहे आणि त्याच्या मागं द नाहीतर त नाहीतर ट. आमच्या बारडीतही तसंच, ल च्या जागी र, त्याच्या मागं ड. एकटी बादली उलटी आहे, तिच्यात द आधी आणि ल नंतर. आणि दुसरं एक दिसतं, ही गावं नकाशावर टाकली तर गोवा, गुजरात, बंगाल, लंका, मलाया, सगळा समुद्रकाठ आहे. शब्द जहाजातनं फिरलाय.

मूळ आहे पोर्तुगीज, बाल्दे. अर्थ बादलीच. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं 1510 साली, वसई त्यांच्याकडं आली 1534 ला आणि चिमाजी अप्पांनी ती 1739 ला जिंकून घेतली, म्हणजे उत्तर कोकणात दोनशे वर्षं आणि गोव्यात तर 1961 पर्यंत ही माणसं होती. त्यांच्या जहाजावरचे, गोदीतले, घरातले कितीतरी शब्द मराठीत मुरलेत, चावी, बिजागरी, बटाटा, पाव, पगार, इस्त्री, बाटलीचं बूच. आमच्या साताऱ्या-सांगलीला समुद्र नाही, पण घाट उतरला की कोकण आहे आणि मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत नोकरीला गेलेलं माणूस इकडं घरटी एक होतं.

इथं जरा थांबायला पाहिजे, कारण बहुतेकजण इथंच फसतात. बादलीचं मूळ विचारलं की हमखास ऐकायला मिळतं ते म्हणजे बादल, ढगात पाणी असतं, बादलीत पाणी असतं, झालं. ऐकायला गोड वाटतं आणि एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. पण तपासून बघा. बादल म्हणणारा हिंदी माणूस, मग ढगावरनं भांड्याचं नाव पडायचं तर ते आधी हिंदीत पडायला पाहिजे, आणि हिंदीत आहे बाल्टी. आपण मराठीत आभाळ म्हणतो, ढग म्हणतो, रोजच्या बोलण्यात बादल कुणी म्हणत नाही. आणि कोकणी-गुजरातीतल्या बालदीचं काय करायचं, आज्जीच्या बारडीचं काय करायचं? एकाच रूपाला लागू पडणारं आणि बाकीच्या सगळ्यांना उघड्यावर सोडणारं मूळ खरं नसतं. आवाज सारखा आला एवढ्यावर कधी विश्वास ठेवू नका.

पण मग अक्षरं अशी इकडची तिकडं होतात का, हा प्रश्न राहतोच, आणि तो सोडवल्याशिवाय पुढं जायचं नाही. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्या भागात त्यासाठी लांब जायला नको, बाजारात उभं राहिलं तरी बास. नुकसानीचं नुसकान होतं, मतलबचं मतबल होतं, रिक्षाची रिस्का होते. आणि हे फक्त खेड्यातलं बोलणं आहे असं समजू नका. कुलूप हा शब्द बघा, शुद्ध म्हणून आपण तो पुस्तकात छापतो, पण मूळ अरबीत तो कुफ्ल आहे, फ आधी आणि ल मागनं. मराठीनं तो उलटा केला आणि तोच प्रमाण झाला. बालदीची बादली झाली ती याच वाटेनं. बारडीतला र पण असाच, ल आणि र हे जिभेवर शेजारी राहतात, तलवारीला तरवार म्हणणारी माणसं तुम्हीही ऐकली असतील. द चा ड होणं तर फारच जुनं आहे, संस्कृत दंश पासून आपलं डसणं आलंय. म्हणजे बाल्दे, बालदी, मग ल चा र आणि द चा ड होऊन बारडी. प्रत्येक पायरीला दुसरा एकेक शब्द साक्षीला उभा करता आला पाहिजे, नाहीतर ती पायरी धरायची नाही.

आता कोश. तीन पुरेसे आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिला 1831 चा आणि वाढवलेला 1857 चा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात भागांत, 1932 ते 1938. आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश, 1946. पहिले दोन शिकागो विद्यापीठाच्या वेबसाईटवर फुकट आहेत, मोबाईलवर चालतात, पण शोधताना लोक हात टेकतात कारण शब्द सापडतच नाही. त्याचं कारण जुनं शुद्धलेखन. आपण भांडं, घमेलं, पातेलं लिहितो, मोल्सवर्थमधे ते भांडें, घमेलें, पातेलें असं आहे, शेवटी मात्रा आणि वर अनुस्वार. तसं टाईप करा, लगेच मिळतं. तरी नाही मिळालं तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा, ल च्या जागी ळ घालून बघा, आणि वहीतलं प्रत्येक रूप वेगवेगळं शोधा. मोल्सवर्थमधे शब्दापुढं कंसात एखादं इंग्रजी अक्षर दिसलं तर ते मुळाचं समजायचं, एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए अरबी, एच हिंदुस्थानी. दाते-कर्वेंनी मूळ नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात दिलंय, सं., फा., का. म्हणजे कानडी, पोर्तु. म्हणजे पोर्तुगीज. पोर्तुगीजचा संशय असेल तर गोव्याचे एक पाद्री होते, सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, त्यांनी आशियातल्या भाषांमधे गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोशच केलाय, 1913 चा, त्याचं इंग्रजी 1936 ला बडोद्याहून निघालं. एक एक शब्द किती भाषांत कसा बदलत गेला ते त्यात एका जागी बघायला मिळतं, आणि मला तर ते वाचताना बंदराबंदरावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

कोशात मूळ मिळालं तरी काम संपलं असं समजू नका. शब्द आला म्हणजे वस्तू कशी आली, आणि त्याआधी ते काम कशानं व्हायचं, हे बघितलं की मूळ पक्कं होतं. विहिरीतनं पाणी आपल्याकडं बादलीच्या आधीही निघतच होतं. माणूस काढायचा पोहऱ्यानं, बैल काढायचे मोटेनं. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, वीरूबाई भोसल्यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधलेली. एकदा जाऊन याच. वर उभं राहून खाली बघितलं की कळतं, एका वेळी बारा मोटा चालतील एवढी ती विहीर आणि त्या प्रत्येक मोटेभोवती शब्दांचं केवढं गाव वसलेलं. बैल उतरायचे ती धाव, जाड दोर तो नाडा, आणि मोट वर येऊन पाणी जिथं ओतलं जायचं ते थारोळं. आज पेपरात "रक्ताच्या थारोळ्यात" वाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल की थारोळं हे मोटेच्या पाण्याचं कुंड? मोट गेली, इंजिन आलं, मग मोटर आली, थारोळं मात्र पोलिसांच्या बातमीत राहिलं.

यातनं मला एक कसोटी सापडली, ती कोशात लिहिलेली नाही पण फार उपयोगी पडते. शब्द जुना का नवा हे म्हणी आणि पूजा सांगतात. घडा बघा, आज घरात घडा कुणी म्हणत नाही, तरी पालथ्या घड्यावर पाणी पडतंच आणि पापाचा घडा भरतोच, नवरात्रात घटस्थापना होते. कळशीचा कलश दारात, देवळावर, लग्नात. हे घट आणि कलश सरळ संस्कृतातले. आता बादलीवर एखादी जुनी म्हण आठवून बघा. मी आठ-दहा म्हाताऱ्यांना विचारलं, एकीलाही आठवली नाही. पूजेत तिला पाट नाही, रुखवतात असलीच तर हल्ली. रोज शंभरदा हातात घेतो पण जुन्या म्हणीत ती शिरली नाही, कारण ती मागनं आली.

बाकीच्या भांड्यांचं थोडक्यात सांगतो, म्हणजे सुरुवात कुठनं करायची ते कळेल. सगळ्यात सोपा तांब्या. तांबं, म्हणून तांब्या, संस्कृत ताम्र. नाव धातूचं आणि आता सगळे म्हणतात "स्टीलचा तांब्या", कुणाला खटकतही नाही, आणि खटकायचं कारणही नाही, शब्द भांड्याच्या आकाराला चिकटला आणि धातू सोडून दिला. घागर संस्कृत गर्गरी पासून, प्राकृतात गग्गरी, हिंदीत अजून गागर, मराठीत ग चा घ झाला. पेला फारसी पियाला. घमेलं परत पोर्तुगीज, गामेला, तिकडं ती लाकडाची काथवट, इकडं गवंड्याच्या डोक्यावरचं लोखंडी. गंगाळ किंवा घंगाळ मात्र जपून करा. गंगेचं आलय म्हणून गंगाळ हे कुणीही सांगेल, ते बादलवाल्यांच्याच रांगेतलं आहे. आपल्याकडं ते आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं, पण जतच्या बाजूला कानडी बोलणाऱ्या घरी जेवायला बसा, गंगाळ म्हणून जेवायचं ताट पुढं येईल. तेलुगूत गंगाळम म्हणजे परत मोठं भांडं. एकच नाव तीन भाषांत आहे आणि अर्थ ताटापासून घंगाळापर्यंत ताणलेला, असा शब्द एका बैठकीत सुटत नाही, वहीत एक पान त्याच्यासाठी मोकळं सोडा.

आणि पिंप. पिंप म्हणजे पोर्तुगीज पीपा, दारू भरायचं लाकडी पिंप, तेच आपल्याकडं पाण्याचं झालं, मग पत्र्याचं झालं. पण तासगावला द्राक्षबागेत जा, औषध कालवायला जे दोनशे लिटरचं निळं प्लॅस्टिकचं असतं त्याला पिंप कुणीच म्हणत नाही, ते बॅरल. "दोन बॅरल मारली का?" म्हणजे दोनशे लिटरची दोन पाणी फवारून झाली का. लाकडाच्या पिंपालाच इंग्रज बॅरल म्हणायचे, म्हणजे तेच भांडं आपल्याकडं दोनदा आलं, एकदा पोर्तुगीजांकडनं आणि एकदा इंग्रजांकडनं, आणि बागाईतदारानं त्यातलं दुसरं नाव मापाला लावलं. अर्थ असा सरकताना दिसला की वाक्य लगेच टिपा, दहा वर्षांनी ते वाक्य राहील याचा भरवसा नाही.

शेवटी वहीत पक्की नोंद कशी करायची ते दाखवतो. एका शब्दाला एक पान, आणि जेवढं खात्रीचं तेवढंच. माझं पहिलं पान असं आहे:

बारडी. स्त्रीलिंगी. पत्र्याची, कडीची, साधारण एका घागरीएवढं पाणी मावणारी. प्लॅस्टिकच्या बादलीला हा शब्द नाही. ऐकलं: गोठ्यात, वय 84, सासर-माहेर दोन्ही कृष्णाकाठ. वाक्य: "बारडी पालथी घाल, न्हाईतर कुत्रं तोंड घालतंय." शेजारची रूपं: बालदी (चुलती, माहेर चिपळूणकडं), बादली (शाळा). मूळ: पोर्तुगीज बाल्दे. बदल: ल चा र, द चा ड, क्रम तोच.